परसदारातली बाई

माझ्या मुलीला दोन आया होत्या. एक माझी बायको सुमन. दुसरी मला कधी दिसली नाही, पण आमच्या घरी यायची.

सुमनला जाऊन आज वर्ष झालं, म्हणून हे लिहितोय. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

मीराला आम्ही दत्तक घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. परळीच्या स्टेशनवर एकटी सापडलेली. तिची भाषा कुणालाच कळेना. संस्थेत राहून ती मराठी शिकली आणि आपली भाषा विसरली.

एक शब्द सोडून.

दिंद्रुड गावात तेव्हा माझं कापडाचं दुकान जोरात होतं. दुपारी शटर अर्धं ओढून मी घरी जेवायला यायचो. मीराला शेजारी घेऊन शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. पाखरांच्या, ढगांच्या, गाईवासरांच्या. मला आपलं वाटायचं, चालीनं पोर बांधली जाते.

ती ऐकायची. घास चावायची.

आणि मधेच थांबायची. मान परसदाराकडे वळायची. हाक आली की आपण ‘ओ’ देतो ना, तसा तो एक शब्द म्हणायची आणि उठून चालायला लागायची.

परसात कुणी नसायचं. नुसतं ऊन, आणि दोरीवरचे कपडे.

शेजारच्या गयाकाकू सुमनला म्हणाल्या, "हाकामारी हाय ती. दारात येऊन हाक मारती आन् माणूस घेऊन जाती. पोरीला म्हणावं, ओ देऊ नगं."

थोरले बंधू दुकानात तक्क्याला टेकून म्हणाले, "लई हौस होती ना परक्याच्या पोराची? बस आता दार राखत."

मी दाराला वर कडी बसवली. स्टूल ओढून मीरानं ती काढली.

एका दुपारी आमचा दोघांचा डोळा लागला. जाग आली तर परसदार सताड उघडं. मागची वाट सरळ कालव्यावर जाते. आम्ही धावलो.

मीरा काठावर उभी होती. पाण्याला पाऊल लागायचंच बाकी. डावा हात वर उचललेला. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर लहान पोराचा हात जसा वर असतो, तसा.

मी ओरडणार होतो. सुमननं मला हातानंच गप्प केलं. हळू गेली, तिचा उजवा हात धरला, आणि तिला घराकडे वळवलं.

घरी आल्यावर सुमन दंड चोळत बसली.

"अहो, दुसऱ्या अंगानं बी कुणीतरी वढत हुतं."

"भास असेल."

"भासाला एवढं बळ असतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं परसदारात सतरंजी टाकली. दोन कप चहा ठेवला. आणि शेजारणीशी बोलावं तशी त्या रिकाम्या दाराशी बोलली.

"बाई, उन्हात कामून उभी ऱ्हातीस? आत ये. पोर तुझीच हाय, मी कुठं न्हाई म्हनते? रोज ये, बस, बघ तिला. पन नेऊ नगंस. पाया पडते तुझ्या."

दुसऱ्या कपातल्या चहावर साय धरली.

मीरा आली आणि सतरंजीवर बसली. सुमनला चिकटून नाही. थोडं अंतर ठेवून, दोघींच्या मधे बसल्यासारखी.

त्यानंतर ती परसाबाहेर गेली नाही. हाक यायची. ती ओ द्यायची, आणि जेवत राहायची.

त्याच वर्षी भादव्यात पुण्याहून एक मुलगी आली. दत्तक मुलं नव्या घरात कशी रुजतात, यावर तिचा रिसर्च होता. सोबत टेपरेकॉर्डर. आमच्याकडे महालक्ष्म्या बसवायची गडबड.

तिनं विचारलं, "मूळ घराबद्दल मीराला तुम्ही काय सांगितलंय?"

"सांगायचं काय त्यात? ती येतीच की रोज," सुमन म्हणाली.

मुलीचं पेन थांबलं. मग समजुतीनं म्हणाली, "काकू, बरीच मुलं अशी मनातली आई तयार करतात. पुढं ॲडजस्ट होतात."

"असंल बाई. पोरीच्या मनातली म्हनतीस. मग माझी सतरंजी कामून चुरगळती?"

महालक्ष्म्या दोघी असतात, थोरली आणि धाकटी. पुढ्यात लेकरं. सुमननं धाकटीची साडी मीराच्या हातात दिली. "ही तुझी ती आई. नेसव तिला, तुला येईल तशी."

मीरा स्टुलावर चढली. निऱ्या नाहीत. साडी गुडघ्यापर्यंत, पदर पाठीवरून आडवा घेऊन खांद्यावर गाठ. उभा जन्म साड्या विकल्या मी. तसं नेसणं कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या मुलीनं हळूच विचारलं, "मीरा, हे कुणी शिकवलं?"

"तीच सांगतीय ना," मीरा म्हणाली. मुखवट्याकडे नाही, त्याच्या शेजारी बघत.

मुलीनं टेप बंद केला.

पुढं मीरा बीडला शिकली, तिथंच बँकेत लागली. हाक अजून येते का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. पण एक भीती कायम पोटात होती. ती बाई एक दिवस आमची पोर नेणार.

गेल्या वर्षी सुमन बीडच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. दुपारची वेळ. एका बाजूला मीरा, एका बाजूला मी.

मीरा दाराकडे बघून म्हणाली, "बाबा, जरा सरकता का? तिला बसू द्या."

मी सरकलो.

सुमननं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "चल. पोर झाली मोठी."

मी पलंगावरून वाकून मीराचं मनगट धरलं. घट्ट.

सुमनचा श्वास थांबला तरी मी ते सोडलं नव्हतं.

"बाबा," मीरा म्हणाली, "दोघी गेल्या. मी आहे इथं."

सुमन, सुखानं राहा.

तुझ्याबरोबरच्या बाईंचं नावही मला माहीत नाही. दोघींना या म्हाताऱ्याचा मनापासून नमस्कार.