जागा धरणारे काका

“जागा मी धरतंय, संसार तुमी करा!”

एवढं बोलून काका खांद्यावर चटई टाकायचे आणि भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटीला फळी लागायच्या आत गर्दीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. फळी लागली की माणूस दिसायचा नाही, नुसती चटई पळताना दिसायची.

तुमच्याही चाळीत असा एखादा असेल, दुसऱ्याचं काम म्हटलं की अंगात वारं शिरणारा. आमच्या लालबागच्या चाळीत हे काका होते. मिलमध्ये साच्यावर, कापड विणायच्या कामाला. चाळीतलं कुणी गावी निघालं, त्यातून नवं जोडपं असलं, की काका धक्क्यावर हजर. डेकवर इंजिनाच्या धगीपासून लांब चटई पसरायची, तिच्यावर पाय फाकून बसायचं आणि जोडपं स्थिरस्थावर झालं की खाली उतरायचं. स्वतः मात्र कित्येक वर्षांत गावी गेले नव्हते.

मी गिरगावची. समुद्र म्हणजे चौपाटीवर भेळ खात बघायची वस्तू, त्याच्यावर बसून कुठे जायचं असतं हे मला लग्न होईपर्यंत सुचलंच नव्हतं. सासर देवगडकडचं, त्यामुळे पहिल्याच शिमग्याला बोट आली. भीतीने मी ह्यांचा हात सोडत नव्हते आणि आमचे हे हसत होते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात पोरं रांगायच्या आधी घोषणा द्यायची. काका आमच्या चटईवर बसलेले आणि एका गृहस्थांनी हळूच आपली ढोलकी तिच्या कोपऱ्यावर ठेवली. झालं! काका गरजले, “मुंबय सोडूचंय नाय, नि ही जागाव सोडूचंय नाय! संयुक्त महाराष्ट्र...”

“झालाच पाहिजे!” सगळा डेक ओरडला. ढोलकीवालाही ओरडला, आणि वर त्याने ढोलकीही वाजवली. त्या गदारोळात बोटीचा भोंगा कुणाला ऐकू येणार?

“काका, धक्का चालला!” मी किंचाळले.

धक्का कुठला चालतोय! बोट सुटली होती. अर्धी चड्डी, गंजीफ्रॉक आणि गळ्यात पंचा, अशा थाटात काका कठड्याशी उभे. “देवा म्हाराजा, सुटली!” डेकभर हशा पिकला. ह्यांनी त्यांचं तिकीट काढलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मोकळ्या हवेत शेजारी बसलेल्या आम्हा दोघांच्या मध्ये काका येऊन बसले. मग त्यांचं त्यांनाच काही वाटलं असावं. आमच्याकडे पाठ करून म्हणाले, “बोला, बोला. मी काय आयकनंय नाय.”

मला बोट लागली तेव्हा त्यांनीच ढोलकीवाल्याकडून लिंबू आणून दिलं. वारा सुटला, पाणी चकाकायला लागलं आणि माझी भीती कधी पळाली कळलंच नाही. हे ढोलकीच्या ठेक्यावर मान डोलवत होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते, खरं सांगते.

काका तेवढे चटईच्या काड्या उपटत बसले होते.

“काकी किती खूश होतील!” मी म्हटलं. देवगडला राहणाऱ्या काकींसाठी त्यांनी दिलेलं पुडकं माझ्याच पिशवीत होतं. चहापूड आणि हिरव्या बांगड्या. ते न्यायला काकी बंदरावर येणार होत्या.

“खूश?” काका म्हणाले. “खोली झाल्याबिगर तोंड दाखवूचंय नाय, असां सांगान इललंय तिका. आता काय सांगू? चटई घेवन इलंय?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका राहायचे त्या गाळ्यात मिलमधले बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर. तिथे बायको आणणार कुठे? साऱ्या चाळीला जागा धरून देणाऱ्या माणसाला मुंबईत स्वतःच्या बायकोपुरती जागा नव्हती. मला फार वाईट वाटलं.

उजाडता उजाडता देवगड आलं. बोट बाहेरच उभी राहिली, आम्ही किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, पडावात उतरलो. किनाऱ्यावर काकी पदर खोचून उभ्या. काका माझ्यामागे लपले होते. मी पुडकं पुढे केलं.

काकींनी ते घेतलं, वाकून माझ्यामागे पाहिलं, आणि म्हणाल्या, “गो बाय, ह्यां गावलां. आता त्या दुसऱ्या पुडक्याचा काय करू?”

काका पुढे आले. “खोली नाय गावली,” एवढंच बोलले. मान खाली.

“मी खोलीची वाट बघतंय असां कोणी सांगल्यान तुमका?” काकी म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने काकांच्या तोंडावरचं खारं पाणीही पुसलं. सगळ्या बंदरादेखत!

माझ्याने राहवेना. ह्यांना न विचारताच बोलून गेले, “काकी, तुम्ही या. आमच्या खोलीत अजून एक चटई मावते.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या संसाराची खोली ती! पण लगेच म्हणाले, “मावते, मावते. मध्ये लुगडं बांधू.”

परतीच्या बोटीला काकांच्या खांद्यावरची चटई मी ओढून घेतली आणि पडावातून आधी वर चढून जागा धरली ती ह्यांनी. काका-काकी येऊन बसले तेव्हा आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, “जागा आम्ही धरली, संसार तुम्ही करा!” काका नव्या नवरीसारखे लाजले हो!

पुढे त्यांना जिन्याखालची खोली मिळाली. आमच्यामधलं लुगडं सुटलं त्या दिवशी काकी आणि मी गळ्यात गळा घालून रडलो.

बऱ्याच वर्षांनी काका वारले तेव्हा मी धावत खाली गेले. काकी त्याच जुन्या चटईवर बसल्या होत्या, एका कडेला. माझा हुंदका ऐकून त्यांनी हात धरला आणि मला जवळ बसवलं.

“रडतंस कित्याक? ते फुडे गेले, जागा धरूक.”