चौथी काळी रेघ

मनोहरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरगावच्या शाळेतून सौंसरला परतत होते. बसमध्ये उभीच होते. "निमा, हे गेले..." एवढंच वहिनी बोलली. आणि मला पहिलं काय सुचावं? आता आईच्या फोटोचं कोणाला विचारू? भावासारखा माणूस गेला आणि मला फोटोचं पडलं होतं. पण त्या फोटोनं आई गेल्यापासून मला धड बसू दिलेलं नाही.

मनोहरदादा माझा मामेभाऊ. पांढुर्ण्यात त्याचा स्टुडिओ होता, लग्नांचे फोटो काढून घर चालायचं. जीव मात्र गावोगाव भटकण्यात. कापूस वेचणाऱ्या बाया, संत्र्यांचे ढीग निवडणारी माणसं, बाजारातून उठून निघालेली म्हातारी... त्याच्या फोटोत कोणी नीट बसलेलं म्हणून नसायचं. सगळे अर्ध्या पावलात, अर्ध्या बोलण्यात. लग्नातही वरमाईचा तोंडात घास असतानाचा फोटो काढून शिव्या खायचा. मला त्याचं काम बघून कौतुकाआधी घालमेल व्हायची. ही माणसं पुढे काय बोलली, कुठे गेली? तो हसायचा, सांगायचा नाही.

एका गोष्टीत मात्र तो भारी हट्टी. काढलेला फोटो कापायचा नाही. अख्खी निगेटिव्ह छापायची, म्हणजे चारही बाजूंनी बारीक काळी रेघ येते. "ही रेघ दिसली का समजाचं, मी काही लपवलं नाही," म्हणायचा. कोणी चेहरा तेवढा मोठा करून मागितला तर सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायचा.

आईचा फोटो त्यानंच काढलेला. आमचं सौंसरचं अंगण, आईचा एक हात वर, तोंड उघडं, नजर उजवीकडे फोटोच्या बाहेर. ती गेल्यावर भिंतीवर लावताना माझ्या ध्यानात आलं, उजवीकडे काळी रेघच नाही. मी विचारलं, "दादा, आई कोणाले पाहून राहिली इथं?" "आठवत नाही न बाई." कोणाच्या बैलाचं कोणतं शिंग मोडलं होतं ते वीस वर्षांनी सांगणारा माणूस! मी पिच्छा सोडला नाही, त्यानं दाद दिली नाही.

तेरवी झाल्यावर वहिनीनं त्याची फोटो धुण्याची अंधारी खोली उघडली. अजूनही आंबूस वास येत होता. मोरीवरच्या दोरीला चिमटा लावून एकच फोटो टांगलेला... आमचं अंगण, आई, आणि उजवीकडे फाटक. फाटकाबाहेर मित्राची मोटारसायकल, मागे मांडीवर बॅग घेऊन बसलेला माझा मोठा भाऊ, विजूभाऊ. पाठमोरा. चारही रेघा जागच्या जागी.

विजूभाऊ बाबांशी भांडून नागपूरला गेला, त्या दिवशीचा फोटो. मी तेव्हा मोहगावला, सासरी होते. बाबांनी बजावलं होतं म्हणे, कोणी त्याला थांबवायचं नाही. तेव्हापासून विजूभाऊचं एकच पालुपद, "आईनं एक हाक तरी माराची होती." आईच्या मातीलाही तो पाहुण्यासारखा आला नि गेला.

"आत्याबाईच म्हणाल्या, त्याले कापून टाक," वहिनी सांगत होती. "तुमच्या बाबांना दिसलं असतं न, का हिनं हाक मारली म्हणून. वरून शपथ घातली, कोणाले सांगू नको. यायनं जिंदगीत तेवढा एकच फोटो कापला. मंग आठ दिवस जेवणात ध्यान नव्हतं यायचं."

मला राग आला, अजूनही आहे. आईचा आणि त्याचाही. गाडीच्या आवाजात तिची हाक विजूभाऊला ऐकू गेली नाही हे समजलं. पण दादा तर तिथंच उभा होता! पाय होते, चांगला खणखणीत गळा होता. धावत फाटकाशी जायचं सोडून त्यानं कॅमेरा उचलला. आणि उचलला नसता, तर आईनं हाक मारली हे आज कोणाला कळलं असतं? हे दोन्ही विचार रात्रंदिवस माझ्या डोक्यात भांडतात आणि ज्याला जाब विचारायचा, तोच उठून गेला.

बघून रागवायला बाबाही आता नव्हते. मी भिंतीवरचा फोटो काढला आणि तो अख्खा लावला. गेल्या रविवारी विजूभाऊला बोलावून घेतलं. तो फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. चहा निवला. शेवटी म्हणाला, "गाडीचा आवाज होता न..." आणि मग, "मनोहरनं मले सांगाले पायजे होतं." तो फोटो घेऊन जा म्हटलं तर नको म्हणाला. "राहू दे इथंच. अंगण इथलं आहे."

निघताना त्यानं फाटकाबाहेर गाडी सुरू केली. मग बंद केली आणि वळून अंगणाकडे पाहत राहिला. मी पायरीवर उभी होते. मी हाक मारली नव्हती.