बर्फाच्या लाद्यांवर मॅटची परीक्षा

"मॅडम, याच्यावर तुमी झोपणार का मी?" बर्फाच्या चार लाद्यांकडे बघत रामराव राठोड म्हणाले.

भर दुपारी आम्ही हिंगोलीतल्या बर्फाच्या कारखान्यात उभे होतो. मी कॉलेजात खेळशिक्षिका. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. रामरावांची मुलगी सुनीता बारावीला होती. सेनगावकडच्या तांड्यावरून जीपने यायची आणि धावायची अशी, की बघत राहावं! हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिरासाठी अख्ख्या कॉलेजातून तिची एकटीची निवड झाली होती.

घोडं अडलं होतं अंथरुणावर. शिबिराच्या यादीत लिहिलं होतं, स्लीपिंग मॅट आपली आपण आणावी, हलकी आणि इन्सुलेटेड. म्हणजे खालच्या बर्फाची थंडी अंगापर्यंत येऊ न देणारी. सुनीताला लहानपणी दोनदा न्यूमोनिया झालेला. रामरावांनी बजावलं होतं, "पोरगी छातीची नाजूक हाय. मला पटलं तर सही, न्हाई तर न्हाई." फॉर्म दुसऱ्याच दिवशी पाठवायचा होता, म्हणून ही बर्फावरची परीक्षा.

कापसाची गादी मी आधीच बाद केली होती. एक तर तीन किलो वजन, ते पाठीवर वाहायचं. शिवाय अंगाखाली कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते, आणि थंडी अडवते ती हवाच. मग नुसती हवाच का नको? या हुशारीने मी मेडिकलमधून फुगवायची गादी आणली. प्राचार्यांनी हाताने दाबून पाहिली. "वा मॅडम, काय मऊ आहे!" मीही गादीबरोबर फुगले.

ती लाद्यांवर पसरली. रामराव घोंगडी पांघरून आडवे झाले. दहाव्या मिनिटाला उठून बसले.

"पाठ गारठून राहिली मॅडम."

मला खरं वाटेना. स्वतः झोपून पाहिलं. माणूस खरंच बोलत होता. गादीतली हवा मोकळी होती. अंग हललं की तीही हलायची आणि खालचा गारवा वर आणायची. एवढं मला आधी सुचू नये?

रामरावांनी घोंगडीची घडी घातली. "जाऊ द्या मॅडम. न्हाई तिच्या नशिबात." सुनीता खाली मान घालून उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गादी सायकलवर लादून आणणारे आमचे शिपाई नामदेवमामा तेव्हा पुढे आले. "मॅडम, एक सांगू का? आपल्या कंप्युटरच्या खोलीत एसीनं फरशी बरफावानी व्हते. आमी दुपारी खोक्यातल्या फोमवर पडतो. कद्धी गार लागलं न्हाई."

"मामा, तुम्ही ड्यूटीवर झोपता?"

"ते मंग बोलू की!"

मामा सायकल दामटत गेले आणि फोम घेऊन आले. कंप्युटरभोवती गुंडाळून आलेला पांढरा, बोटभर जाड फोम. दिसायला अगदीच दरिद्री. पण त्यात हजारो बारीक बुडबुडे, प्रत्येकाचं तोंड बंद. हवा जागची हलत नाही, फोम पाणी पीत नाही, माणूस झोपला तरी फारसा दबत नाही. दोन थर सुतळीने बांधले. वजन अर्धा किलोही भरलं नाही.

रामराव पुन्हा आडवे झाले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली.

"रामराव, गार लागतंय का?"

मी वाकले, आणि घोरणं ऐकू आलं! सुनीता इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कारखान्याचे मालक ओरडत होते, "अहो, माझी लादी वितळून राहिली!" पण आम्ही रामरावांना अर्धा तास उठवलं नाही. उठल्यावर पाठीवर हात फिरवत म्हणाले, "द्या तो कागद." एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

महिन्याभराने सुनीता परतली ती तांबडीलाल होऊन. "थंडी वाजली का गं?" मी विचारलं. "नाकाला वाजली मॅडम. पाठीला न्हाई." तो फोम पुढे रामरावांनी शेतातल्या खोपीत नेला आणि शेवटपर्यंत वापरला.

आता सुनीता स्वतः खेळशिक्षिका आहे. हल्ली मॅटचे पन्नास प्रकार मिळतात. ती एकही हाताने दाबून बघत नाही, दुकानात सरळ फरशीवर अंथरून आडवी होते. तिला तसं पडलेलं बघितलं की मला रामराव आठवतात आणि जीव भरून येतो.

मॅट पाठीने निवडावी, हाताने नव्हे. आणि आधी, गार फरशीवर रोज कोण झोपतं ते विचारावं. मामांच्या ड्यूटीवरच्या झोपेबद्दल प्राचार्यांना सांगायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.