हात वर करा

माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

वडील सांगलीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. सभांची, संपांची, मोर्च्यांची पत्रकं ते घरी आणत आणि मी ती मोठ्याने वाचत असे. जे खरं आहे ते चारचौघांत ठणकावून सांगायचं, एवढा एकच धर्म मला लहानपणापासून ठाऊक होता. पुढे विश्रामबागच्या कॉलेजात गेले आणि तिथल्या युवक गटात शिरले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या गटाने कृष्णाकाठच्या एका गावात शिबिर घेतलं. मुलगे रस्त्यावर मुरूम टाकत होते. आम्ही चौघी मुलींनी ठरवलं, गावच्या हायस्कुलातल्या पोरींना पाळीबद्दल शिकवायचं.

त्याची गरज होतीच. शरीराचा धडा त्यांच्या सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. घरी कोण वाचणार आणि कोणाला विचारणार? पोरी जुनेराची फडकी धुऊन गोठ्यात, कडब्यामागे, अंधारात वाळवायच्या. ओली, कुबट फडकी पुन्हा वापरायच्या आणि अंगाला पुरळ उठलं की गप्प बसायच्या. त्या चार दिवसांत त्यांना चुलीजवळ जायची बंदी, माठाला हात लावायची बंदी. बैल गोठ्यात, पोरही गोठ्यात. हे सगळं पाहून माझं डोकं भणभणत होतं.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली. पोरी माना खाली घालून बसल्या. मला त्या खाली घातलेल्या मानांचाच संताप आला. मी म्हणाले, "लाज कशाची? ज्यांना पाळी आली आहे त्यांनी हात वर करा."

कोणी हलेना. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. नववीतली, वर्गात गणितात पहिली. तिचं पाहून आणखी पाच हात वर आले. मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाच्या अहवालात 'मुलींचा प्रतिसाद उत्स्फूर्त' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई शाळेच्या व्हरांड्यात आली. पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"ताई, तुमी काय केलंसा वो हे?"

मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. पोरीला दिवाळीआधीपासून येत होतं आणि घरात फक्त या दोघींना ते माहीत होतं. पोरीची फडकी आई आपली म्हणून धूत होती. पोर रोजच्यासारखी पाणी भरत होती, भाकरी थापत होती, देवाला दिवा लावत होती.

"देव खाईल तर मला खाऊ दे म्हनलं. पर न्हाण आल्याचं आत्याबाईंस्नी कळलं की मखर मांडत्यात, साऱ्या गावाला सांगत्यात. मग कसली शाळा? म्हैनाभरात पावणं बघाय येत्यात. तिचे वडील मिल्ट्रीत हाईत, पुढच्या आठवड्यात सुट्टीवर यायचेत. काल पोरी पाण्याला गेल्या आन् आडावरच समद्यांस्नी कळलं." ती जवळ आली. "आत्याबाईंचा अजून निम्माच इस्वास बसलाय. तुमी कालिजातल्या. पोरीला तुमचा सवाल समजला न्हवता, एवढं येऊन सांगा. तुमचं खरं मानतील."

"मी खोटं नाही बोलणार," मी म्हणाले. आणि वर व्याख्यान झोडलं. सत्य लपवल्यामुळेच बाईचा जन्म असा गेला, पाळीत लाज वाटावी असं काही नाही, वगैरे.

तिने सगळं ऐकून घेतलं. "लाज न्हाईच त्यात. मला ठावं हाय. पर शाळा हाय न्हवं?"

मी खोटं बोलले नाही. उलट त्याच दुपारी तिच्या घरी गेले आणि सोप्यावर बसलेल्या आत्याबाईंशी, म्हणजे तिच्या सासूशी, भांडले. "पाळी आली म्हणून पोरीची शाळा सोडवायची, हा कुठला न्याय?" असं ओरडून विचारलं.

म्हातारी आनंदाने उठून उभीच राहिली. "म्हंजी खरंच आलंय की! बरं झालं बाई, तूच सांगितलंस. ही माझी सून मला येडी करत हुती." शेजारणींना हाक गेली. "अगं या गं, नारळ काढा! सांगलीची मास्तरीण सोता सांगाय आलीया."

बायका हसल्या. मीही क्षणभर गोंधळून हसले. ते हसू आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. आतल्या दाराशी ती पोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मखर मांडलं. केळीचे खुंट, हिरवी साडी, ओटी, गाणी. ज्या गोष्टीसाठी पोरीला चार दिवस कोणी शिवत नाही, तिच्याचसाठी वाजतगाजत साखर वाटायची. आमची बाई बाजारात उभी करायला तयार झाली, असाच पुकारा की तो. बाप सुट्टीवर आला आणि सुट्टी संपायच्या आत लग्न लावून परत पलटणीत गेला. त्याच्याशीही मी भांडून आले. त्याने मला बसायला घोंगडं टाकलं आणि चहा पाजला.

पुढच्या वर्षी आमचा गट पुन्हा त्याच गावात गेला. मी वर्गाची पद्धत बदलली होती. हजेरी नाही, प्रश्न नाहीत, फडकी उन्हात, धुतलेल्या साड्यांखाली कशी वाळवायची ते आधी सांगायचं. ती आई नदीच्या वाटेवर भेटली. डोक्यावर धुण्याची पाटी होती. तिची धाकटी आता आठवीत होती. मी म्हणाले, "शाळा सुटल्यावर तिला वर्गाला पाठवा. या वेळी कोणाला काही विचारणार नाही."

"न्हाई."

"का? तिलाही कळायला पाहिजे."

"तिला काय कळायचं ते मी सांगितलंय. फडकी बी मीच बघती." तिने पाटी सावरली. "ती तुमच्याकडं यायची न्हाई, ताई. ती अजून शाळेत जाती."