कौन बाकी काका

फोटोसाठी माणसं ओळीत उभी राहिली, पोटं आत गेली, की काका कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून विचारत, "कौन बाकी?" झालं! ओळ मोडायची. मागच्या खोलीतली मुकी आत्या, खाटेवरचे आजोबा, जे कुणी राहिलं असेल त्याला आणावंच लागे. सुलतान बाजारातल्या त्यांच्या स्टुडिओला गिऱ्हाइकं नावं ठेवत आणि पुन्हा तिथेच येत. 'कौन बाकी काका' हे नाव त्यांना असं चिकटलं.

पुण्याहून नोकरीसाठी आलेली मी, काचीगुड्यात त्यांची भाडेकरू. माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाई रुसून गच्चीत बसल्या होत्या, तर काकांनी त्यांना खाली आणवलं. या माणसाला नसत्या उठाठेवी सांगितल्यात कुणी, म्हणून मी चरफडले. आज त्या फोटोत मनापासून हसताना दिसतात त्या सासूबाईच.

काकांच्या दिवाणखान्यात त्यांच्या लहानपणचा कुटुंबाचा एक फोटो होता. एकदा मी थट्टेने विचारलं, "काका, यात कौन बाकी?"

"अक्का," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. डोक्यावर परिणाम झाला होता तिच्या. मागच्या खोलीत होती, बाहेरून कडी. ती हाका मारत होती आणि आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघत होतो."

पुढे अक्काला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. ती तिथेच वारली. तिचा एकही फोटो नव्हता.

गेल्या हिवाळ्यात कळलं, कित्येक वर्षं ओस पडलेली त्या इस्पितळाची जुनी इमारत पाडणार. काका सकाळीच दारात उभे, गळ्यात कॅमेरा, काखेत ट्रायपॉड. "गाडी काढ. अक्काची जागा तरी फोटोत राहू दे."

आम्ही पोचलो तेव्हा फाटकात पाडकामाचं यंत्र उभं होतं. पहारेकरी आडवा आला. "साब, अंदर नक्को जाओ. छत का भरोसा नहीं."

"मेरी बहन रहती थी यहाँ," काका म्हणाले. तो बाजूला सरकला. "जल्दी आओ साब. ठेकेदार आया तो मेरी नौकरी जाती."

बायकांच्या विभागाचा व्हरांडा अंधारलेला होता. कमानीखाली दगडी बाकडं होतं. लहानपणी दर रविवारी वडिलांबरोबर येत तेव्हा काका तिथे अक्काशेजारी बसत. काकांनी ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा लावला, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "रिकाम्या जागेचा फोटो मी काढत नाही. तू दाब."

ते बाकड्याच्या एका टोकाला जाऊन बसले. तेवढ्यात बाहेर यंत्र सुरू झालं. वरून चुन्याचा पोपडा माझ्या पायाशी पडला. पहारेकरी ओरडत होता. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. भिंगात पाहिलं तर काका कडेला आणि बाकीचं बाकडं मोकळं. माणूस मधोमध हवा, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी घाईघाईने कॅमेरा वळवायला लागले.

"हलवू नकोस!" काका ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "अक्का कापली जाईल!"

मी कॅमेरा होता तसा केला. बटण दाबलं. त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, तोवर मागच्या बाजूची भिंत कोसळायला लागली होती. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तो फोटो त्यांनी जुन्या फोटोशेजारी लावला. उन्हाळ्यात काका गेले. मला फार लागलं ते, अजून लागतं. दिवसकार्याला हार घालायला फोटो हवा होता. त्यांच्या पुतण्याने सगळी कपाटं धुंडाळली. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचा स्वतःचा फोटो कुठून सापडणार? शेवटी त्याने भिंतीवरचा तो काढला.

"अर्धा फोटो रिकामाच आहे," तो म्हणाला. "काकांपुरता कापून मोठा करून आणतो."

"कापायचा नाही," मी म्हटलं. "दोघं आहेत त्यात."

त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला खाली बसवलं आणि अक्काबद्दल सगळं सांगितलं. मग आम्ही तो तसाच, अख्खा, पाटावर ठेवला आणि मोठा हार आणवला.