सासूबाईंसाठी केलेली शेवळं

गावदेवीशी माझं रोजचं बोलणं आहे. तक्रारीही असतात, पण त्या दिवशी मी तिच्यावर रागावले ती अगदी मनापासून. भलं करायला जावं आणि तेच कुणाच्या जिवावर बेतावं, हा कुठला न्याय? आता सगळं निभावलं आहे. सासूबाई ओटीवर बसून माझ्याच चुका काढताहेत, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय.

आमचं गाव किन्हवलीपासून आत. उन्हाळ्याच्या शेवटी सासूबाई तापानं आणि खोकल्यानं अंथरुणाला खिळल्या. ताप उतरला, पण अन्न काही जाईना. ताट पुढे ठेवलं की तोंड फिरवायच्या. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं आणि मला त्यांच्या जिवाची खरंच भीती वाटू लागली होती. मग एका सकाळी त्या स्वतःहून म्हणाल्या, "तोंडाला चव नाय गो. शेवळं मिळतात का बघ." त्यांनी काही मागितलं याचाच मला इतका आनंद झाला, की हातातली कामं टाकून मी रानात गेले.

वळवाचा शिडकावा झाला की आमच्याकडे रानात शेवळांचे कोंब वर येतात. भाजी अशी, की माणूस मटण विसरेल. पण जात खाजरी. म्हणून तिच्यात काकडं नावाची छोटी आंबट रानफळं ठेचून घालायची, नाहीतर घसा धरतो. हे मला माहेरापासून, टोकावड्यापासून ठाऊक होतं. पण खोकल्यामुळे डॉक्टरांनी सासूबाईंना आंबट बंद केलं होतं. मी विचार केला, डॉक्टरांचंही ऐकावं आणि सासूबाईंचंही. शेवळं नीट साफ केली, तेलात भरपूर परतली, आणि काकडं घातली ती नावापुरती. नवी भाजी म्हणून पहिला घास पानावर काढून गावदेवीला दाखवला. मग स्वतः चाखून पाहिली. घशाला किंचित खवखवलं, पण आम्हाला तेवढ्याची सवय असते.

सासूबाई भाकरीबरोबर आवडीनं जेवल्या. मी समोर बसून बघत होते आणि स्वतःवर खूश होते. भांडी घासून आत आले, तर त्या गळ्याला हात लावून बसलेल्या. ओठ सुजले होते, आवाज घोगरा झाला होता. मी आमसुलाचं पाणी दिलं, तेही गिळवेना. खोकून खोकून आधीच सोलवटलेला घसा, त्यात ती खाज. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

आमचे मालक पहिल्या पाळीला कंपनीत गेले होते. गावातल्या दोन्ही जीपा वऱ्हाड घेऊन गेलेल्या. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती लांबून यायची होती. मी सासूबाईंना टेकवून अंगणात आले आणि देवळाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "तुला आधी दिलं ना गो? मग माझं काय चुकलं?" रडूही येत नव्हतं. शेवटी म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तू बघ.

तेवढ्यात अंगणाशी एक गाडी थांबली. पुलाच्या कामामुळे रस्ता वळवला होता आणि त्या नादात एक जोडपं भलतीकडेच शिरलं होतं. काच खाली करून त्या बाईंनी विचारलं, "मुरबाडचा रस्ता हाच का हो?" मी नुसतं दाराकडे बोट केलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं आणि एक प्रश्न न विचारता पुढची सीट सासूबाईंसाठी मोकळी केली. दोघांनी मिळून त्यांना उचलून बसवलं. गाडी शहापूरकडे उलटी फिरली. वाटेत बाई मला म्हणाल्या, "रस्ता चुकलो म्हणून हे मघापासून माझ्यावर चिडले होते. आता बघा कसे गुमान चालवतायत." त्या स्थितीतही मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. त्यांनी माझा हात सोडला नाही.

दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. हळूहळू ती शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." मी बाहेर धावले, तर गाडी निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं. ते देव होते असं मी म्हणत नाही, देव काही रस्ता चुकत नसेल. पण त्यांना आमच्या अंगणाकडे कुणी वळवलं, हे मी गावदेवीला विचारत बसत नाही. नुसते हात जोडते.

तरी माझी खरी परीक्षा संध्याकाळीच झाली. मुरबाडहून नणंद आली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "तू चांगल्यासाठीच केलंस गं वहिनी, पण आईचा जीव गेला असता." तिचं चुकलं नव्हतं. मी खाटेपासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले. आता आपल्या हातानं यांना पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितली होती. नणंदेनं चमचा पुढे केला, तर सासूबाईंनी ओठ मिटून घेतले. तिनं पुन्हा केला, पुन्हा तेच. मग घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "तिला दे. मी तिच्या हातानं खाते."

मी भिंतीपासून पुढे आले आणि पेजेचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. मी कितीदा तरी देवीपुढे उभी राहून 'तुझ्यावर सोडलं' म्हटलं असेल, आणि नंतर उलटं झालं की जाब विचारला असेल. सासूबाईंनी जाब विचारला नाही. चमच्यात काय आहे तेही पाहिलं नाही. डोळे मिटले आणि तोंड उघडलं.