तेरावा प्रश्न

फॉर्म चार पानांचा होता आणि तेरावा प्रश्न असा होता: मुलाला घरात कधी बांधून ठेवावे लागते का?

मी सातवीत शाळा सोडली. अक्षर तेव्हा बरं होतं, आता किराण्याच्या यादीपुरतं उरलंय. तरी तो फॉर्म मी स्वतः भरला, दोन दुपारी बसून. लेकीला काय आवडतं, कशाला घाबरते, फिट येते का, शी-शू कशी सांगते, सगळं लिहिलं. जागा पुरली नाही तिथं कडेनं आडवं लिहिलं. तेराव्यापुढं मात्र एकच शब्द लिहिला. नाही.

माझं माहेर कोल्हापूरकडं. लग्न होऊन शेगावात आले त्याला पंधरा वर्षं झाली. हे एका लॉजवर बसतात, येणाऱ्या भक्तांची नावं रजिस्टरात घेतात. घर दोन खोल्यांचं. लेक अकरा वर्षांची. ती चालत नाही, बोलत नाही, धरल्याशिवाय बसत नाही. पण लोळते. चार वर्षांची असताना लोळत लोळत पेटत्या शेगडीपर्यंत गेली होती आणि मी नळावर होते. त्या दिवसापासून माझं एक जुनं जांभळं सुती लुगडं तिच्या कमरेला आलं. घडी घालून कमरेभोवती घ्यायचं, मागं खाटेच्या दांडीला गाठ मारायची. नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. तो काही माझी सवड बघून येत नाही.

अशी बांधून, दाराला बाहेरून कडी लावून मी जायची. कुकर लावून निघायचं आणि तिसऱ्या शिट्टीच्या आत परत यायचं, एवढंच माझं बाहेर. मंदिराचा कळस गच्चीवरून दिसतो. कुठून कुठून लोक येतात त्या दर्शनाला. मी मात्र वर्षातून एकदा, तेही यांनी सुट्टी काढली तर. माहेरी फोन केला की आई म्हणायची, तुझं बरं आहे बाई, देवाच्या पायाशी राहतेस. मी हो म्हणायची.

शिबिराचं सांगितलं ते शेजारच्या काकूंनी. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, त्यांना सगळीकडची खबर असते. संग्रामपूरकडं एका आश्रमशाळेत, सुट्टीत, अशा मुलांसाठी तीन दिवस. मातीकाम, पाण्याचा टब, टायरचा झोका, बैलगाडीत फेरी. आईबापांनी सोडून जायचं आणि तिसऱ्या दिवशी न्यायला यायचं.

"मुक्काम?" मी विचारलं. "माझ्याशिवाय?"

"काऊन, तू का तिच्या पोटात बसून जेवतं का?" काकू म्हणाल्या. "जाऊ दे वं तिले. अन् तूही जरा माणसासारखी झोप."

यांनी फॉर्म वाचला, तेराव्यावर थोडे थांबले, आणि सही केली.

सोडायला दोघं गेलो. तिथल्या ताई चांगल्या दणकट, हात मातीनं भरलेले. त्यांनी लेकीला माझ्याकडून अशी घेतली जशी शेजारीण बाळ घेते, काही न विचारता. मऊ गाद्या लावलेली एक लाकडी खुर्ची होती, तीत बसवली. एक गोष्ट त्यांनी आधीच स्पष्ट केली. मूल दोन वेळा जेवलं नाही तर घरी पाठवावं लागतं, जबाबदारी असते. दुपारचं जेवण पहिलं, संध्याकाळचं दुसरं. मी मान डोलावली. माझी लेक माझ्याच हातानं जेवते हे मी फॉर्मवर लिहिलं होतं. कसं जेवते ते नव्हतं लिहिलं.

परत आल्यावर हे लॉजवर गेले. मी बाजारात गेले आणि भाजी निम्मी घेऊनच पळत आले. कडी काढून आत गेले तर खाट रिकामी. स्वतःवरच हसले. मग वाटलं, आज दर्शन घ्यावं. साडी बदलून गेले, दर्शनाच्या बारीत लागले. दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप, वळणं घेत घेत रांग पुढं सरकायची. चौथ्या वळणावर माझ्या छातीत धडधडायला लागलं. पुढंही माणसं, मागंही माणसं. आता घरी काही झालं तर मी इथून निघणार कशी? घरी कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी पाइपांखालून वाकून, लोकांची माफी मागत मागत बाहेर आले. एका म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं विचारलं, माउली, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, घरी लेकरू आहे.

घरी येऊन त्या रिकाम्या खाटेवर बसले. लुगडं दांडीला तसंच लटकत होतं. शिबिरात नेलं नव्हतं ना. लोक काय म्हणतील म्हणून मुद्दाम मागं ठेवलं होतं.

चारच्या सुमारास फोन आला. ताई होत्या.

"दुपारी तोंडच नाई उघडलं तिनं. पाणी घेतलं चमच्यानं, पण घास नाई. घरी काही वेगळं करता का तुम्ही?"

मी म्हटलं, नाही. आणि मग म्हटलं, मी येते.

सहा-सात वर्षं ती प्रत्येक घास त्या लुगड्यात बसून जेवली होती. कमरेला तो ताण आला की तिला कळायचं, आता पडायचं नाही, आता जेवायचं. हे मला फोनवर सांगता आलं असतं. सांगितलं नाही. लुगडं पिशवीत कोंबलं आणि एस.टी. पकडली. वाटभर एकच वाक्य तोंडात घोळवत होते. आणि मनात हेही, की तिला परत आणावं लागलं तर पुन्हा कुठलं शिबिर, आणि पुन्हा कुठली माझी मोकळीक.

ताई व्हरांड्यात भेटल्या. मी पिशवीतून लुगडं काढलं.

"ताई, मी खोटं लिहिलं. मी बांधते तिला."

त्यांनी लुगडं हातात घेतलं, त्याचा मऊपणा बोटांनी चाचपला.

"बाई, इथं जितक्या आया आल्या न, साऱ्यांनी तिथं नाईच लिवलं," त्या म्हणाल्या. "अन् साऱ्यांच्या पिशवीत काही ना काही असतेच. कोणाची ओढणी, कोणाचा पट्टा. कसं बांधता ते सांगा मले."

मी सांगायला लागले आणि हातानं दाखवायला पुढं झाले, तशी त्यांनी मला थांबवलं. "तुम्ही नका. तुम्ही चारलं त उद्या बी तुम्हालेच यावं लागन. जाळीमांगून पाहा."

मग मी जेवणघराच्या जाळीमागं उभी राहिले. पंधरा-वीस मुलं, ताटं, गलका. ताईंनी माझ्या लेकीच्या कमरेभोवती ते लुगडं घेतलं आणि खुर्चीच्या पाठीला सैल बांधलं. फार सैल. माझ्या ओठावर आलं होतं, अजून ओढा. लेकीनं मान वळवली. पदराचं टोक तिच्या हाताशी आलं, ते तिनं मुठीत धरलं आणि तोंडाकडं नेलं. ताईंनी ते सोडवलं नाही. त्या टोकाच्या कडेनंच खिचडीचा चमचा लावला.

पहिला बाहेर आला. दुसरा गेला. मी मोजत होते. नऊ चमचे.

तिनं मला पाहिलं नाही. मला बघून ती कशी हसते ते मला माहीत आहे, आणि तेवढ्यासाठी जाळीवर बोट वाजवायला हात उचललाही होता. तो खाली घेतला आणि शेवटच्या गाडीला निघाले. मुठीत काही नसलं की हाताचं काय करायचं ते मला गाडीत कळेना. रिकामी पिशवीच घट्ट धरून बसले.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा नखांत माती होती आणि लुगडं धुऊन घडी घातलेलं.

नळ अजूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येतो. मी अजूनही बांधते. दारात आले की छाती तशीच धडधडते. पण यंदाचा फॉर्म आला तेव्हा तेराव्यापुढं मी हो लिहिलं, आणि कडेनं आडवं: घडी चार पदरी, गाठ पाठीमागं, जरा सैल चालते. पदराचं टोक तिच्या हातात द्यावं.